तोटीची टाकी, साबणाची वडी आणि टीसीएल: रोगराई रोखायला बाजारातून काय घ्यावे, काय टाळावे

आधी निकाल सांगून टाकतो. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉईड, सर्दी-फ्लू, डोळे येणे यांपासून घर वाचवायला पैसे घालायचेच असतील, तर पहिला पैसा तोटी लावलेल्या टाकीवर घाला, दुसरा साध्या साबणावर आणि तिसरा सीलबंद टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीवर. रंगीत हॅन्डवॉश, सॅनिटायझर, लिंबाच्या वासाचे फिनेल यांचा नंबर त्यानंतर. दुकानात मात्र नेमका उलटा क्रम मांडलेला असतो. समोर '९९.९ टक्के जंतूंचा नाश' लिहिलेल्या बाटल्या, आणि तोटी मागायला गेलात तर हार्डवेअरवाला मागच्या खोक्यात हात घालणार.

हा क्रम खान्देशासाठी आहे, आणि त्याला कारण पाणी. भुसावळ, धुळे अशा शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, कित्येक दिवसांचे अंतर पडते. म्हणजे घरात ड्रम, हंडे, माठ भरून ठेवणे आले आणि त्यांत तांब्या बुडवणे आले. हात धुण्यातली पहिली चूक इथेच होते. उजव्या हाताने तांब्या धरून डाव्यावर पाणी, मग डाव्याने धरून उजव्यावर. धुतलेला हात पुन्हा त्याच न धुतलेल्या कडेला लागतो आणि तांब्या परत ड्रममध्ये जातो. एका माणसाच्या जुलाबाचे जंतू सगळ्या घराच्या पाण्यात मिसळायला एवढे पुरे. त्यावर कितीही भारी हॅन्डवॉश ओतला तरी हा फेरा तुटत नाही, तोटीने तुटतो.

टाकी घेताना तीन पर्याय असतात. स्टीलची तोटीवाली टाकी टिकाऊ, पण महाग, आणि तिची तोटी बहुतेक वेळा बुटकी असते, खाली हात नीट जात नाहीत. प्लॅस्टिकचा तयार तोटीचा ड्रम स्वस्त असतो. त्याचे झाकण घट्ट बसते का आणि आत अख्खा हात घालून तळ घासता येतो का, एवढे दुकानातच पाहून घ्या. तिसरा पर्याय, आणि आमच्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात चांगला, म्हणजे घरातल्याच १५-२० लिटरच्या डब्याला तोटी बसवणे. खाद्यतेलाचा कॅन चालतो. रंगाची बादली फक्त हात धुण्याच्या पाण्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी नाही. कपाशीच्या फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र दहा वेळा धुतलेला असला तरी कशालाच नको. औषध प्लॅस्टिकमध्ये मुरलेले असते.

तोटी बसवताना गळते ती ठरावीक कारणांनी. अर्ध्या इंची तोटीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर असतो, म्हणून भोक २१ ते २२ मिलिमीटरचे हवे. घरोघर ते तापवलेल्या सळईने पाडतात. कड वितळून भोक लांबट होते आणि वॉशर कितीही आवळला तरी एका बाजूने थेंब सुटतोच. प्लंबरकडून होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, पाडून घ्या. डब्याची बाजू सपाट असेल तिथेच भोक पाडा, गोल पोटावर वॉशर पूर्ण टेकत नाही. वॉशर आतून आणि बाहेरून असे दोन लावा. एकच असेल तर तोटीच्या खांद्याकडचा, म्हणजे बाहेरचा ठेवा, कारण फक्त आतून लावला तर नटाच्या आट्यांतून पाणी झिरपत राहते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे पुरतात. नट हाताने आवळा आणि शेवटचा पाव फेरा पान्याने. त्याहून जास्त जोर केला की प्लॅस्टिकच्या तोटीचे आटे उडतात. भोक तळापासून दोन इंच वर ठेवा, म्हणजे खाली बसलेला गाळ तोटीत येत नाही.

तोटीचा प्रकारही पाहावा. दाबून धरायची तोटी वॉटर कूलरला ठीक, हात धुवायला कुचकामी. एक हात ती दाबण्यातच अडकतो आणि तेवढाच धुवायचा राहतो. फिरवायची गोल तोटी खरकट्या बोटांनी उघडतो आणि स्वच्छ बोटांनी बंद करतो, म्हणजे घाण पुन्हा हाताला. पाव फेऱ्यात उघडणारी, लांब दांडीची तोटी मनगटाने किंवा कोपराने ढकलता येते. थोडे जास्त पैसे पडले तरी तीच घ्या. टाकी अडीच फुटांवर ठेवली तर पोरांचाही हात पोहोचतो. खाली बादली ठेवा, साबणाचे ते पाणी संडासात ओतायला कामी येते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. नुसते वरून पाणी भरत राहिलात तर आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो, आणि झाकण उघडे राहिले तर डेंग्यूचा डास अंडी घालून जातो ते वेगळेच.

पाणी किती लागते? हात ओले केल्यावर तोटी बंद, चोळताना बंद, धुताना पुन्हा चालू, असे केले तर एका वेळेला अर्धा लिटर भरपूर झाले. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसाला सहा वेळा हात धुतले तर १५ लिटर. पाणीटंचाईतही हा हिशेब बसतो.

आता साबण. पुड्यावर 'टॉयलेट सोप' लिहिलेले असेल तर सोबत टीएफएमचा, म्हणजे वडीतल्या एकूण चरबीयुक्त द्रव्याचा आकडा असतो. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६०. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत हे प्रमाण त्याहून कमी चालते. जास्त टीएफएमची वडी लवकर विरघळत नाही आणि कातडी कमी कोरडी पडते, भेगाळलेल्या हातांना तिचा फायदा आहे. जंतूंच्या बाबतीत मात्र दहा रुपयांची वडी आणि महागडी वडी यांत फार फरक नाही. साबण फ्लू आणि कोरोनासारख्या विषाणूंचे चरबीचे वेष्टन फोडतो आणि बाकीची घाण कातडीवरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. हे काम घासण्याने होते, वासाने नाही. 'अँटिबॅक्टेरियल' शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घरगुती साबण-हॅन्डवॉशमधून काढायला लावली. साध्या साबणापेक्षा त्यांचा फायदा जास्त आहे हे कंपन्यांना दाखवता आले नव्हते.

वडी साबणदाणीत पाण्यात लोळत ठेवू नका. विटकरी लगदा झालेली वडी कोणी हातात घेत नाही आणि हात नुसत्या पाण्याखाली फिरवून येतात. जुन्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत घालून वडी तोटीलाच टांगा. ती निथळते, कावळा नेत नाही आणि हात धुवायला आलेल्याला शोधावी लागत नाही. साबण नजरेसमोर असणे ही अर्धी सवय.

चोळायचे किमान २० सेकंद. ओले करण्यापासून पुसेपर्यंत सगळे मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. शाळांतून शिकवतात ते 'सुमन-के' लक्षात ठेवायला सोपे आहे: सीधा हात, उलटा हात, मुठी, अंगठा, नखे, कलाई. या सहांत अंगठा आणि नखांची टोके सगळ्यात जास्त सुटतात, आणि भाकरी थापायला, पोराला भरवायला तीच पुढे असतात. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोके तळव्यावर खरवडा. अंगठी आणि बांगड्या वर सरकवा. संडासाहून आल्यावर, पोराचे ढुंगण धुतल्यावर, गोठ्यातून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी. 'हात धुऊनच तर जेवायला बसतो' म्हणणाऱ्या बहुतेक घरांत जेवणाआधी नुसते पाणी असते, साबण निघतो तो जेवणानंतर, तर्रीचा वास घालवायला.

बोअरचे पाणी जड असेल तर वडीचा फेस होत नाही, पांढरी साय धरते. अशा घरात पंपाचा हॅन्डवॉश खरोखर उपयोगी पडतो, कारण तो जड पाण्यातही फेसाळतो. पण बाटली अर्धी झाली की तिच्यात पाणी घालून पुरवण्याची सवय वाईट. पाणी घातले की जंतू रोखणारे द्रव्य पातळ होते आणि हॅन्डवॉशच्याच बाटलीत जंतू वाढू शकतात. पाऊच आणून भरायचा असेल तर आधी बाटली रिकामी करा, गरम पाण्याने धुवा, सुकवा आणि मग भरा. त्याहून स्वस्त पर्याय बांगलादेशात वापरून पाहिलेला आहे: ३० ग्रॅम कपड्यांची पावडर दीड लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरायची आणि झाकणाला बारीक भोक पाडायचे. अंगणवाडी, चहाची टपरी, शेतातले खळे इथे हे उत्तम. वडी चोरीला जाते, ही बाटली कोणी नेत नाही. एक्झिमा किंवा भेगा असलेल्यांनी मात्र ती टाळावी.

सॅनिटायझर प्रवासापुरता. लेबलवर अल्कोहोल किमान ६० टक्के हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल ७५ टक्के असते. 'अल्कोहोल-फ्री' बाटली परत ठेवा. तळहात भरेल इतके घ्यायचे आणि सुकेपर्यंत २० ते ३० सेकंद चोळायचे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा दोन थेंब घेतले तर ते दहा सेकंदांत उडून जातात आणि काम अर्धवट राहते. हात मातीने किंवा तेलाने माखलेले असतील तर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो कमजोर आहे. म्हणजे संडासानंतर सॅनिटायझर हा साबणाला पर्याय नाही. बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा चुलीपाशी ठेवू नका. झाकण ढिले असेल तर अल्कोहोल उडून जाते, आणि ते पेटते.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ही या यादीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. उष्णता, ओल आणि उजेड लागला की ते उडत जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात उघड्या पोत्यातून किलोवर विकली जाणारी पावडर म्हणजे बऱ्याचदा नुसता चुना. ग्रामपंचायतींच्या तपासणीतही २० टक्क्यांखालची पावडर नापास धरतात. घेताना पाहा: सीलबंद पुडा, उत्पादनाची तारीख अलीकडची, पावडर कोरडी आणि भुरभुरीत, उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास. गाठी झाल्या असतील, ओलसर असेल, वास मंद असेल तर फुकटही नको. छोटा पुडा घ्या. प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. लोखंडी डबा ती खाते.

हिशेब असा: १००० लिटरच्या टाकीला ५ ग्रॅम. पावडर ताजी असेल तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या थोडे वर क्लोरीन पडते, २० टक्क्यांची असेल तर १ मिलिग्रॅम. २०० लिटरच्या ड्रमला १ ग्रॅम लागते, आणि ते घरच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून १० ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात कालवा, पंधरा-वीस मिनिटे निवळू द्या आणि वरचे नितळ पाणी वापरा: २०० लिटरला १०० मिलिलिटर, २० लिटरच्या हंड्याला १० मिलिलिटर. खालचा चुना टाकून द्या. हे द्रावण त्या दिवसापुरतेच, बाटलीत साठवायचे नाही. ढवळून अर्धा तास थांबल्याशिवाय पाणी प्यायचे नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आले तर आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचे पाणी वेगळ्या भांड्यात घ्या आणि मग टीसीएल टाका. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडते. एवढी कटकट नको असेल तर क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटरला एक पुरते. आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडून मिळणाऱ्या क्लोरीनच्या थेंबांचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते, तेच पाळा.

क्लोरीन माठात टाकू नका. माठाची माती ते शोषते. ड्रममध्ये किंवा स्टीलच्या भांड्यात पाणी शुद्ध करा आणि मग माठात ओता. माठालाही तोटी हवी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे, आणि ते खुंटीला टांगलेले. माठाच्या झाकणावर ठेवलेला आणि आलेल्या प्रत्येकाने बुडवलेला पेला म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. पाण्यात क्लोरीन उरले का ते पाहायला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो: थेंब टाकल्यावर पिवळा रंग. रंग लगेच वाचायचा, नंतर गडद झालेला ग्राह्य नाही. अर्ध्या तासानंतर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे, साथ असेल तर ०.५. टेस्ट केलेले पाणी कोणाला पाजायचे नाही, ते रसायन विषारी असते.

फरशीच्या फिनेलबद्दल थोडक्यात: वास म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. सुट्या बाटलीत मिळणारे पांढरे फिनेल रोजच्या पुसण्याला ठीक आहे, पण एकाच बादलीतल्या काळ्या पाण्याने चार खोल्या पुसल्या तर संडासाजवळची घाण स्वयंपाकघरात येते. घरात कोणी उलटी केली किंवा जुलाबाने बिछाना भरला, तेव्हा फिनेल पुरत नाही. १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम ताजी टीसीएल कालवा, म्हणजे साधारण अर्धा टक्का क्लोरीनचे द्रावण होते. हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर चढवा. घाणीवर जुने वर्तमानपत्र अंथरा, त्यावर द्रावण ओता, दहा मिनिटे थांबा, मग कडेकडून मध्याकडे गोळा करा. कागद पिशवीत बांधून टाका, जागा पुन्हा त्याच द्रावणाने पुसा आणि शेवटी साबणाने हात धुवा. रंगीत कपड्याला द्रावण लावू नका, डाग जात नाही. आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये टीसीएल कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद मोरीत जीव घाबरा व्हायला तेवढा वायू पुरतो. दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारीसुद्धा ठेवू नका.

रुमालाचे सांगायलाच हवे. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून डोक्याला बांधलेल्या रुमालानेच घाम पुसायचा, नाक पुसायचे आणि हात धुतल्यावर हातही पुसायचे, हे आपल्याकडे सर्रास. ओला हात कोरड्यापेक्षा जास्त जंतू उचलतो, म्हणून हात सुकवणे महत्त्वाचे आहे, पण त्यासाठी वेगळा पंचा ठेवा किंवा दोन मिनिटे वाऱ्यावर धरा. मे महिन्यात तेवढेही लागत नाही. डोळे आलेल्या माणसाचा पंचा, उशीचा अभ्रा आणि काजळाची डबी वेगळी हवी. तीन पदरी मास्क खोकणाऱ्या माणसाने लावायचा, ओला झाला की बदलायचा. खोकला-शिंक कोपरात.

पाण्याच्या जारचे आणि आरओचे कौतुक थोडे आवरते घ्या. लग्नात येणाऱ्या थंड जारमधले पाणी गार असते, शुद्ध असेलच असे नाही. सुट्या जारवर आयएसआयची खूण बहुधा नसतेच. आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते साठवलेले भांडे घाण असेल तर वाचवणारे काही शिल्लक नसते.

शेवटी भरीत पार्टी. हिवाळ्यात शेतात चाळीस माणसे जमतात, भाजलेली वांगी हातांनी सोलली जातात, लाकडी बडगीत ठेचली जातात, वरून कच्ची कांद्याची पात आणि कोथिंबीर. वांगी भाजल्याने सुरक्षित असतात, धोका हातांचा आणि कच्च्या पाल्याचा. कळण्याची पुरी यायच्या आधी एवढी सोय करा: २० लिटरची तोटीची टाकी केळीची पाने मांडायच्या जागेच्या वाटेवरच ठेवा, मागच्या विहिरीपाशी नाही. माणशी अर्धा लिटरने चाळीस जणांना ती बरोबर एकदा पुरते, म्हणून दुसरा भरलेला कॅन जवळ असू द्या. साबणाच्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. सोलणाऱ्या-ठेचणाऱ्या मंडळींनी आधी हात धुवावेत, आणि ज्याला दोन दिवसांत जुलाब किंवा उलटी झाली असेल त्याला त्या दिवशी बडगीपाशी बसवू नये, फार तर काट्या-कुट्या गोळा करायला पाठवावे. पात वाहत्या, क्लोरीन घातलेल्या पाण्यात पान-पान सुटे करून धुवा, जुडी बांधलेलीच बुडवली तर मधली माती तशीच राहते. पार्टी संपल्यावर उरलेले पाणी बांधावर ओता, तोटी उघडी ठेवून टाकी उलटी करून उन्हात सुकवा आणि पुढच्या वेळेसाठी वॉशर डब्यातच बांधून ठेवा.